दार कुठलं लावायचं?

आई पहिल्यांदा आमच्या नव्या घरी राहायला आली त्या रात्री तिने अंथरूण घातलं, पाण्याचा पेला उशाशी ठेवला, चष्मा मिटून शेजारी ठेवला आणि उभी राहून इकडेतिकडे बघत हळू आवाजात मला विचारलं, "अगं, दार कुठलं लावायचं?" मला क्षणभर कळेचना. आमच्या घराला दार एकच आहे, जिन्याकडचं, लोखंडी, ढकलायला दोन्ही हात लागतात असं. ते तर मघाशीच बंद केलं होतं. तिच्या अंथरुणापासून आमच्या पलंगापर्यंत पंचवीस फूट अंतर, मध्ये दोन खांब आणि बाकी नुसती हवा. "आई, आत दार नाहीये. आम्ही तिकडे लांब आहोत ना, तू झोप निवांत," मी म्हणाले. तिने मान हलवली. मग बॅगेतून एक चादर काढली, दोरी मागितली, खांबापासून खिडकीच्या मुठीपर्यंत बांधली आणि चादर वर टाकून दोन चिमटे लावले. दिवा मालवल्यावर चादरीमागून कपडे बदलल्याची सळसळ ऐकू आली. बांगड्या एकदा वाजल्या आणि लगेच थांबल्या. तिने दुसऱ्या हाताने धरल्या असाव्यात.

त्या धरून ठेवलेल्या बांगड्या मला पुढे कितीतरी महिने ऐकू येत राहिल्या.

घर घेतलं तेव्हा फोनवर मी तिला हौसेने सांगितलं होतं, "आई, आम्ही लॉफ्ट घेतलाय." ती जरा थांबून म्हणाली, "लॉफ्ट म्हणजे? राहणार कुठे?" तिचं चुकलं नव्हतं. आपल्या बोलण्यात लॉफ्ट म्हणजे छताजवळची कडप्पा टाकलेली जागा. तिथे प्रवासाच्या बॅगा, जुन्या गाद्या आणि वर्षातून एकदा लागणारी पातेली जातात. मी जे घेतलं होतं त्याला मराठीत धड शब्द नाही. कारखान्याचा किंवा गोदामाचा एक अख्खा मजला, आत एकही भिंत नाही. मूळ शब्द जुन्या नॉर्स भाषेतला, लोप्ट. अर्थ हवा, आकाश आणि वरची खोलीही. मला हे तिन्ही अर्थ पटतात, आणि आपला पोटमाळा त्याला फारसा परका वाटत नाही. आजोबांच्या घरात पोटमाळा होता. शिडीने चढायचं, डोकं वाकवून सरकायचं, ट्रंकांच्या मागे बसायचं. धुळीला उन्हाचा वास यायचा. मी तिथे तासन् तास लपायची आणि कुणाला पत्ता नाही असं समजायची. मग खालून केरसुणीच्या दांड्याने फळीवर दोनदा टकटक व्हायची. आई. हाक मारायची नाही ती, नुसती टकटक. मी इथे आहे हे तिला माहीत आहे, एवढंच त्यातून कळायचं, आणि माझं लपणं तरीही मोडायचं नाही.

आमचा मजला पूर्वी छापखाना होता. पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा बाकी काही नव्हतं. बिडाचे सहा खांब, वर जाड लाकडी तुळया, खाली काळपट फळ्या आणि एका बाजूला ओळीने सहा उंच खिडक्या. नवऱ्याने टाळी वाजवली. ती टाळी भिंतींना धडकत बराच वेळ हिंडत राहिली. आम्ही दोघंही हसलो आणि मला वाटतं त्याच क्षणी आमचा व्यवहार झाला. असल्या इमारतींची छतं उंच का, खिडक्या एवढ्या मोठ्या का, हे मला नंतर कळलं. विजेचे दिवे यायच्या आधी कामाला उजेड हवा तर तो खिडकीतूनच यायचा. खिडकीची वरची कड जितकी उंच, तिच्या साधारण दोन-अडीच पट आतवर कामापुरता उजेड पोचतो. म्हणजे आज सकाळी सात वाजता माझ्या जमिनीवर लांबच लांब पसरणारा तो सोनेरी पट्टा माझ्या आनंदासाठी कुणी आखलेला नाही. कुणा जुळाऱ्याला, म्हणजे छपाईची अक्षरं जुळवणाऱ्याला, केसातला बारीक खिळा ओळखू यावा म्हणून तो आहे. केस म्हणजे खण पाडलेला लाकडी ट्रे, आणि खिळा म्हणजे शिशाचं एकेक उलटं अक्षर. हा शब्द मला फार आवडतो. अक्षराला खिळा म्हणणाऱ्या माणसांनी अक्षर बोटांनी उचललेलं असतं.

खिळे आम्हाला सापडलेही. फळ्यांच्या फटी साफ करताना नऊ निघाले. एकावरचं अक्षर इतकं झिजलेलं की कुठलं ते ओळखू येत नाही. मी ते सगळे धुवून, कोरडे करून एका काचेच्या बरणीत झाकण लावून ठेवले आहेत. त्यांनीच आम्हाला पहिला धडा शिकवला. आमचा बेत होता की मशीन भाड्याने आणायची आणि दोन दिवसांत सगळी जमीन घासून पिवळी धमक करायची. स्ट्रक्चरल इंजिनियर पाहणीला आल्या होत्या. त्यांनी बरणी हातात घेतली आणि विचारलं, "धुळीची तपासणी केलीत?" छपाईचा धातू म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील. कित्येक वर्षांचं शिसं त्या फटींत मुरलेलं, शिवाय खिडक्यांवर जुना, शिशाचाच रंग. कोरडं घासलं असतं तर ते सगळं हवेत उडून आमच्या फुफ्फुसांत गेलं असतं. पाइपांवरचं पांढरं कापडासारखं वेष्टनही त्यांनी हात न लावता वेगळं तपासायला सांगितलं. त्यात ॲस्बेस्टॉस निघालं. दोन दिवसांचं काम तीन महिने चाललं, ओलं करून, मुखवटे लावून, जाणकार माणसांकडून. जुन्या कारखान्यात राहायला जायचं मनात असलेल्या प्रत्येकाला मी हेच आधी सांगते. भिंतींचा रंग नंतर ठरवा, आधी धूळ तपासा.

त्याच बाईंनी मला जमिनीतली भोकं दाखवली. मी ती पाहिली होती, पण बघितली नव्हती. चार भोकं चौकोनात, मग जागा सोडून पुन्हा चार. अशी सात ठिकाणं. यंत्रं बोल्टने जमिनीला जखडलेली असायची, त्यांच्या खुणा. त्या म्हणाल्या, घर बांधताना चौरस मीटरला साधारण दोनशे किलो भार धरतात, कारखान्याच्या मजल्याला त्याच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त. "तुम्ही काय ठेवणार, पुस्तकंच ना? ही जमीन तुम्हाला ओळखणारही नाही." त्यांना ते धीर द्यायला म्हणायचं होतं. मला मात्र ते लागलं. आपण इतके हलके आहोत, आपलं सगळं आयुष्य, कपाटं, पलंग, भांडी, दोन माणसं, हे सगळं मिळून त्या एका यंत्राच्या धक्क्याइतकंही नाही, असं काहीतरी.

सुताराने पहिल्या सहा ठिकाणची भोकं लाकडी खुंट्या ठोकून बुजवली. सातव्यापाशी थांबून त्याने विचारलं, "ताई, एवढी राहू द्यायची का?" मी म्हटलं, राहू द्या.

घर बनवताना दोन गोष्टींनी आम्हाला सारखं जमिनीवर आणलं. पहिली पाणी. एवढा मोकळा मजला, वाटतं मोरी कुठेही काढावी. पण सांडपाण्याला उतार लागतो, मीटरमागे साधारण दोन सेंटिमीटर. खाली दुसऱ्याचं छत आहे, तिथून पाइप नेता येत नाही. म्हणजे मुख्य नळापासून जितकं लांब जाल तितकी जमीन वर उचलायची. शेवटी स्वयंपाकघर, न्हाणी, संडास सगळं एकाच कोपऱ्यात, जुन्या नळाला बिलगून बसलं. दुसरी गोष्ट उंची. तेरा फूट छत बघितलं की प्रत्येकाला आत माळा घालावासा वाटतो. आम्हीही घातला. हिशेब सरळ आहे. खाली ताठ उभं राहायला सात फूट, माळ्याची जाडी सात-आठ इंच, वर उरतात सव्वापाच फुटांहून जरासे जास्त. तिथे ताठ उभं राहता येत नाही, बसून कपडे घालायचे. आम्ही वर गादी टाकली. पहिल्या उन्हाळ्यातच कळलं की सगळ्या घराची ऊब रात्री तिथेच जमते. इंजिनियरबाईंनी आधीच बजावलं होतं की धूर आधी वर जातो, वर झोपणाऱ्याला जाग सगळ्यात उशिरा येते आणि बाहेरची वाट सगळ्यात लांब पडते. एका पहाटे घामाने भिजून मी खाली उतरले, जमिनीवर आडवी झाले आणि ठरवलं की माळ्यावर बॅगा ठेवायच्या. आईचा लॉफ्ट शेवटी खरा ठरला.

राहायला लागल्यावर भिंती नसल्याचं सुख खूप होतं, ते मी नाकारणार नाही. कणीक मळताना तिकडच्या टोकाला बसलेल्या माणसाचा चेहरा दिसतो. पाऊस सहा खिडक्यांवर एकाच वेळी येतो आणि घरभर त्याचा राखाडी उजेड हलतो. दमट दिवसांत फळ्यांमधून रॉकेल आणि शाईचा फिकट वास वर येतो. तो मला इतका प्रिय झाला आहे की कोरड्या महिन्यांत मी त्याची वाट बघते. पण रात्री एकाला वाचायचं असलं की दुसऱ्याच्या डोळ्यांवर उजेड. एकाचा फोन म्हणजे दोघांचा फोन. आणि भांडण झालं की जायचं कुठे? आमच्या पहिल्या मोठ्या भांडणात मी रागाने उठले, चाळीस फूट चालत गेले, खिडकीशी पोचले आणि वळून बघितलं तर नवरा तसाच दिसत होता, लहान झालेला, पण दिसत होता. आदळायला दार नव्हतं. मी न्हाणीत जाऊन बसले. नंतर लक्षात आलं की आम्ही दोघंही हळूहळू न्हाणीत जास्त वेळ घालवू लागलो आहोत. घरातली ती एकच खोली होती.

आवाजाचं तर वेगळंच. मोकळ्या, टणक जागेत शब्द मरत नाही. १८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सबिन नावाच्या तरुण प्राध्यापकावर एका व्याख्यानगृहाची जबाबदारी आली. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, तोवर पुढचे दहा शब्द त्यावर येऊन पडलेले. सबिन रात्री शेजारच्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या वाहून आणायचा, एकेक वाढवत जायचा, घुमणं किती कमी झालं ते मोजायचा आणि सकाळच्या आत सगळ्या जागेवर परत ठेवायचा. ध्वनिशास्त्राचं एक मूळ सूत्र त्या गाद्यांमधून निघालं. जागा जितकी मोठी तितकं घुमणं जास्त, आणि आवाज पिणारं मऊ सामान जितकं जास्त तितकं घुमणं कमी. हे वाचलं तेव्हा मला आईची चादर आठवली. आम्हीही गालिचे आणले, पुस्तकांची कपाटं आडवी-उभी लावली, जाड पडदे सोडले. टाळी वाजवली तर ती आता तिथेच विरते. पण घुमणं थांबलं म्हणून ऐकू येणं थांबत नाही. चादरीने बांगड्यांचा आवाज अडत नाही. तो अडवायला वजन लागतं, आणि वजन नसलं की माणूस हात पुढे करतो.

हेच मला त्या रात्रीपासून सांगायचं आहे, आणि शब्द सापडायला वेळ लागला. घरात भिंत नसली की भिंतीचं काम माणसं अंगावर घेतात. आम्ही दोघं आपलं घर म्हणून ते हौसेने घेत होतो. आईने ते पाहुणी म्हणून, न बोलता, पहिल्या रात्रीच घेतलं. पुढचे चार दिवस ती आम्ही उठायच्या आधी उठून कपडे बदलून बसलेली असायची, खोकला आला की तोंडावर पदर धरायची, आणि रात्री पाणी प्यायला उठायचं टाळायची, हे मला तिच्या भरलेल्या पेल्यावरून सकाळी कळायचं. जाताना म्हणाली, "घर छान आहे गं. उजेड फार छान." दोन आठवडे राहायला आली होती.

ज्यांनी ही राहणी जगाला दाखवली त्यांचीही कथा काही मोकळेपणाची नाही. न्यूयॉर्कच्या सोहोमध्ये कलावंत ओस पडणाऱ्या कारखान्यांत शिरले ते स्वस्त मिळत होतं आणि मोठी चित्रं मावत होती म्हणून. तिथे राहणं बेकायदा होतं. पलंग दिसू नये म्हणून लपवायचे, रात्री उजेड बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या झाकायचे. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी इमारतीचं हीटिंग बंद व्हायचं, कारण कायद्याने तिथे कुणी राहतच नव्हतं. त्या भागाला अग्निशमन दलाने 'नरकाचे शंभर एकर' असं नाव दिलं होतं. १९६१ मध्ये शहराशी समझोता होऊन दाराबाहेर पाटी लावायची पद्धत आली. ए. आय. आर., म्हणजे आर्टिस्ट इन रेसिडन्स, आणि खाली मजल्याचा आकडा, आग लागली तर वर माणूस आहे हे जवानांना कळावं म्हणून. या पाटीचा फोटो मी पुन्हा पुन्हा बघते. १९७१ मध्ये सोहोत कलावंतांना राहायची परवानगी मिळाली, १९८२ मध्ये लॉफ्टमधल्या भाडेकरूंना कायद्याचं संरक्षण आलं. तोवर भाडी अशी चढली होती की पुष्कळ कलावंतांना तिथे राहणं परवडेना. आणि त्यांच्याही आधीची माणसं? चेस्टर रॅपकिन या नियोजनतज्ज्ञाने १९६३ च्या अहवालात दाखवून दिलं होतं की त्या 'ओस' म्हटल्या जाणाऱ्या कारखान्यांत हजारो कामगार अजून रोज कामाला येतात. हा परिसर पाडला गेला नाही त्यात त्या अहवालाचा वाटा होता. पण इमारती वाचल्या आणि कामगार गेले. माझ्या बरणीतले नऊ खिळे बघताना हे डोक्यातून जात नाही. ते कुणाच्या हातून पडले, तो माणूस शेवटच्या दिवशी इथून कुठे गेला, हे मला कधीच कळणार नाही. त्याच्या उजेडात मी राहते.

नवऱ्याला मात्र सोहोचाच दुसरा दाखला प्रिय. डोनाल्ड जड या शिल्पकाराने १९६८ मध्ये १०१ स्प्रिंग स्ट्रीट ही १८७० ची बिडाच्या दर्शनी भागाची पाच मजली इमारत विकत घेतली आणि कुटुंबासह तिथे राहायला गेला. त्याचा आग्रह असा की मजले मोकळेच ठेवायचे, दोन बाजूंच्या खिडक्यांचा काटकोन कुठेही तोडायचा नाही. भिंत घालायचा विषय मी काढला की नवरा म्हणायचा, "जागेचा जीव मोकळेपणात आहे, तो मारू नको." मला त्याचं म्हणणं कळत होतं, अजूनही कळतं. पण जडकडे पाच मजले होते. एक मजला जेवायचा, एक कामाचा, एक झोपायचा. जमीनच त्याची भिंत होती.

वर्षभर आम्ही यावर वाद घातला. शेवटी भिंत घातली, एकच, शेवटच्या कोपऱ्यात. सहावी खिडकी आत गेली, पाच बाहेर राहिल्या. भिंत दोन खिडक्यांच्या मधल्या खांबाला नेऊन टेकवली, म्हणजे काच कुठेही चिरली नाही. खाली-वर अख्खी, छताला भिडणारी, दोन्ही बाजूंनी जिप्समचे दुहेरी बोर्ड, आत रॉकवूल, म्हणजे आवाज पिणारी दगडी लोकर. वरच्या दीड फुटात काच, उजेड येण्यापुरती. सुताराने चौकट बसवली, भरीव लाकडाचं दार आणलं, तीन बिजागऱ्या, आतून कडी. इंजिनियरबाई म्हणाल्या, दाराखाली बोटभर फट राहिली तरी सगळं मुसळ केरात, म्हणून खाली रबराची पट्टीही लावली. आणि एक गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली. "आवाज हवेतून जाणार नाही. पण फळ्या एकसंध आहेत, भिंतीखालून पलीकडे गेल्यात. पाऊल कळणार." फळ्या कापायला मी तयार झाले नाही. जी चार भोकं आम्ही राहू दिली होती ती नेमकी दाराच्या अलीकडे आली.

परवा आई पुन्हा आली. तिने खोली बघितली, भिंतीवर हात फिरवला, दार दोनदा उघडून बंद केलं, काही बोलली नाही. रात्री अंथरूण जमिनीवरच घातलं, पलंग नको म्हणाली. मग दार लागलं. कडीचा आवाज आला, आणि त्यानंतर काहीच नाही. मी अंधारात कान देऊन पडले होते. सळसळ नाही, खोकला नाही, पेला ठेवल्याचा आवाज नाही. हेच तर हवं होतं मला. नवरा झोपला होता. अर्धा तास गेला असेल, तिला बरं वाटतंय ना, अंधारात पाय अडखळला तर मला कळेल का, असले विचार येऊ लागले. मी उठले, अनवाणी, आवाज न करता चालत गेले आणि दारापाशी जाऊन उभी राहिले. वरच्या काचेत अंधार होता. पायाखाली बोल्टची भोकं लागत होती, गार, गोल. माझ्या वजनाने फळी जराशी दबली.

मग तळपायाला कळलं. पलीकडून बोटांनी, फळीवर, दोनदा.